चार नगरसेवक आणि एक तुंबलेलं गटार

१५ जानेवारीला मतदान करून आलेल्या शेजारच्या काकूंनी लिफ्टमध्ये विचारलं, "चार वेळा बटण दाबलं बाई मी. आता गटार तुंबलं तर चौघांपैकी कुणाला फोन लावायचा?" लिफ्ट चौथ्या मजल्यावर थांबली, काकू उतरल्या आणि प्रश्न माझ्याकडेच राहिला.

नवी मुंबईत हा गोंधळ होणारच होता. २०१५ साली इथे एका प्रभागाला एक नगरसेवक होता. त्या सभागृहाची मुदत मे २०२० मध्ये संपली आणि त्यानंतर साडेपाच वर्षांहून जास्त काळ प्रशासक होते. आता २०२६ मध्ये १११ जागा २८ प्रभागांत बसवल्या आहेत. सत्तावीस प्रभागांत चार-चार नगरसेवक, एकात तीन. ठाणेकरांना याची सवय २०१७ पासून आहे. तिथे २०२६ मध्ये १३१ जागा ३३ प्रभागांत आहेत. पण सवय झाली म्हणून काही ठाण्यातली गटारं आपोआप वाहायला लागली नाहीत.

चौघांची जबाबदारी म्हणजे बऱ्याचदा कुणाचीच नाही, हे आपल्याला घरातल्या दुधाच्या भांड्यावरून माहीत आहे. सगळे स्वयंपाकघरात असतात आणि दूध उतू जातं. मग काकूंनी करायचं काय? माझं उत्तर फोन नंबरचं नाही. ते थोडं लांबचं आहे आणि त्याचं नाव आहे वस्तीची भागीदारी.

भागीदारी कशाला म्हणायचं

शब्द जड वाटतो, कल्पना साधी आहे. एका छोट्या भागात राहणारे, तिथे धंदा करणारे, नोकरीसाठी तिथे रोज येणारे आणि त्या भागाचं सरकारी काम ज्यांच्याकडे आहे ते, असे सगळे ठरावीक दिवशी एकत्र बसतात. कुठलं काम करायचं ते ठरवतात आणि त्यातलं कुणी काय करायचं ते वाटून घेतात. बस. याला कार्यालय लागत नाही, फलक लागत नाही, उद्घाटन तर अजिबात लागत नाही.

सर्वांत जवळची उपमा भिशीची. बारा बायका दर महिन्याला हजार रुपये काढतात. त्यांच्याकडे पावतीपुस्तक नसतं, वकील नसतो, तरी भिशी वर्षानुवर्षं चालते. रक्कम सगळ्यांना माहीत, तारीख माहीत, पाळी कुणाची ते माहीत, आणि एखादी आली नाही तर ते लगेच दिसतं. भागीदारी म्हणजे पैशांऐवजी कामाची भिशी.

तक्रार आणि भागीदारी यांत गल्लत होते, म्हणून तेवढं सांगतो. तक्रारीत एक जण मागतो आणि दुसरा देतो किंवा देत नाही. भागीदारीत मागणाऱ्याच्याही वाट्याला काहीतरी येतं. आंदोलन हा तिसरा प्रकार. त्याची जागा वेगळी आहे आणि कधीकधी त्याच्याशिवाय इलाज नसतो. पण गटारासाठी दर महिन्याला रास्ता रोको करता येत नाही.

सोसायट्यांचा महासंघ म्हणजेच भागीदारी, असंही पुष्कळांना वाटतं. महासंघ उपयोगी असतो, पण त्यात बसतात फक्त फ्लॅटचे मालक. भाडेकरू, गावठाणातली घरं, कोपऱ्यावरची भाजीवाली, शाळा, रिक्षा स्टँड हे सगळे बाहेर राहतात. आणि गटाराला तर मालक-भाडेकरू हा भेद कळत नाही.

आमच्या गटाराची गोष्ट

आमच्या सेक्टरचा नंबर सांगत नाही, उगीच भांडणं वाढतील. एका शाळेच्या मागच्या फाटकापाशी पावसाळी गटार वळतं. दर जूनमध्ये तिथे गुडघाभर पाणी. मुलं बूट हातात घेऊन शाळेत. कारणाबद्दल तीन मतं होती. सोसायटीवाल्यांच्या मते भाजीवाले पाला टाकतात. रो हाऊसवाल्यांच्या मते सोसायटीवाले टाइल्सचा राडारोडा टाकतात. भाजीवाल्यांच्या मते शाळेच्या कँटीनचं सगळं गटारात जातं. गंमत म्हणजे तिघांचंही थोडं थोडं खरं होतं.

पहिल्या वर्षी आम्ही चुकीच्या दारात तक्रार केली. गटाराला लागून असलेला भूखंड ज्यांचा, गटारही त्यांचंच, असं धरून चाललो. चार महिने पत्र फिरलं. दोष आमचाच, कारण विचारलंच नव्हतं. दुसऱ्या वर्षी योग्य दार सापडलं. माणसं आली, गाळ काढला, ट्रकने नेला. पहिल्या मोठ्या पावसात पाणी पुन्हा तिथेच.

तिसऱ्या वर्षी मार्चमधल्या एका रविवारी सकाळी सातला आम्ही अकरा जण वही घेऊन त्या गल्लीतून चालत निघालो. दोन सोसायट्यांचे सेक्रेटरी, रो हाऊसमधले एक निवृत्त माथाडी कामगार, भाजीवाल्या मावशी, शाळेच्या एक बाई, स्कूल व्हॅनचा दादा, एक वॉचमन, अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी, वगैरे. वहीत लिहायला पुष्कळ होतं, पण कारण काही सापडेना. तेवढ्यात तिथेच झाडू मारत असलेला सफाई कामगार थांबून म्हणाला, "साहेब, नुसता गाळ काढून काय व्हायचंय? पुढं मोरीत पाईप आडवा गेलाय. त्याला प्लास्टिक अडकतंय."

रस्त्याखालून जाणाऱ्या मोरीत कुणीतरी केबलचा पाईप आडवा घातला होता. गटाराच्या तोंडाशी कितीही गाळ काढा, पुढे चाळणी तयारच. मी त्याला विचारलं, "दादा, हे तुम्हाला कधीपासून माहीत?" तो म्हणाला, "चार वर्षं झाली की. कुणी विचारलंच नाय."

मला भागीदारी जी काही कळली ती त्या एका वाक्यात. वस्तीबद्दलची माहिती वस्तीभर सांडलेली असते. पाईप सफाई कामगाराला माहीत, पाणी किती वाजता चढतं ते व्हॅनवाल्याला माहीत, राडारोड्याचा टेम्पो रात्री कधी येतो ते वॉचमनला माहीत, आणि अर्ज कसा लिहायचा ते सेक्रेटरींना माहीत. ज्याला अर्ज लिहिता येतो त्याला पाईप माहीत नसतो. ज्याला पाईप माहीत असतो त्याला सभेचं बोलावणं नसतं.

पुढचं काम मग साधं होतं. एक पत्र, तीन फोटो आणि मागणी एकच: संयुक्त पाहणी. संयुक्त पाहणी म्हणजे संबंधित खात्यांचे अभियंते आणि रहिवासी यांनी एकाच वेळी जागेवर उभं राहणं. हा शब्द लक्षात ठेवा, फार कामाचा आहे. टेबलावर बसून एक खातं दुसऱ्याकडे बोट दाखवू शकतं. जागेवर दोघंही समोरासमोर असतात. मेच्या अखेरीस पाईप खाली दबला. मावशींनी पाल्यासाठी क्रेट ठेवला आणि तो सोसायटीच्या खतखड्ड्यात रिकामा करायचं सोसायटीने मान्य केलं. कँटीनवाल्याने जाळी बसवली. त्या जूनमध्ये पाणी घोट्यापर्यंत आलं आणि तासाभरात उतरलं.

पूर्ण थांबलं का? नाही. नवी मुंबईचा बराच भाग खाडीकाठच्या सखल जमिनीवर भराव घालून वसलेला आहे. भरतीच्या वेळी खाडीचं पाणी आत येऊ नये म्हणून दारं बंद होतात आणि पावसाचं पाणी धारण तलावांत साठून ओहोटीची वाट बघतं. मोठी भरती आणि मोठा पाऊस एकाच वेळी आला की आमची वहीसुद्धा भिजते. समितीने ठराव करून समुद्र मागे हटत नाही.

आधी मालक शोधा

आम्ही पहिलं वर्ष ज्यात घालवलं ती चूक बहुतेक सगळे करतात. नवी मुंबईत तर ती व्हावी अशीच रचना आहे. शहर १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने वसवलं. महापालिकेचा कारभार १ जानेवारी १९९२ पासून सुरू झाला. सिडकोने अनेक सेवा आणि जागा टप्प्याटप्प्याने पालिकेकडे दिल्या, पण शिल्लक भूखंड आणि भाडेपट्ट्याचे व्यवहार आजही सिडकोकडे आहेत. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पूर्वेचा औद्योगिक पट्टा एमआयडीसीचा. विजेचा डीपी महावितरणचा. खाडीकाठच्या कांदळवनांसाठी वन विभागाचा वेगळा कक्ष. सोसायटीच्या कुंपणाच्या आतली गटारं आणि रस्ते सोसायटीचे, मग पावसात कितीही वाटो की ते पालिकेचे आहेत.

ठाण्यातही फार वेगळं नाही. १९८२ पासून महापालिका आहे, पण घोडबंदर रस्त्यावर कुठलं काम कुठल्या यंत्रणेचं, हे रोज तिथून जाणाऱ्यालाही सांगता येत नाही. कळवा-मुंब्रा-दिवा भागात वीजबिल २०२० पासून महावितरणऐवजी टोरंट या खासगी कंपनीकडून येतं. म्हणजे खाडीच्या एका बाजूचा अर्ज दुसऱ्या बाजूला चालत नाही.

म्हणून नव्या गटाला माझा पहिला सल्ला असतो की अर्ज लिहू नका, नकाशा काढा. मोठा कागद घ्या, आपल्या पाच-सहा गल्ल्या काढा आणि प्रत्येक गोष्टीसमोर मालक लिहा: दिवा, गटार, झाड, बाकडं, डीपी, मोकळा भूखंड. जिथे माहीत नाही तिथे प्रश्नचिन्ह. प्रश्नचिन्हांसाठी माहिती अधिकाराचा साधा अर्ज करा. २००५ च्या त्या कायद्यानुसार सर्वसाधारणपणे तीस दिवसांत उत्तर यायला हवं. दोन रविवारांत हा नकाशा होतो, आणि तो झाला की अर्धं भांडण संपतं, कारण अर्धं भांडण मुळात चुकीच्या माणसाशी चाललेलं असतं.

आपल्याकडे हे आधीपासून आहे

शहरी माणसाला वाटतं की भागीदारी वगैरे परदेशातून आलेली फॅशन असावी. शेतकऱ्याला विचारा. सावड म्हणजे आज मी तुझ्या रानात, उद्या तू माझ्या. इर्जिक म्हणजे गावाने बैल आणून एकाचं रान नांगरून द्यायचं आणि त्याने जेवण घालायचं.

धुळे-नाशिककडची फड पद्धत तर मला अद्भुत वाटते. पांझरेसारख्या नद्यांवर छोटे बंधारे आणि पाण्याची वाटणी शेतकऱ्यांच्या हातात, कित्येक पिढ्या. पाणी सोडायला पाटकरी, राखण करायला जागल्या, दोघांनाही शेतकऱ्यांनीच नेमलेलं. कुठल्या फडात, म्हणजे पाण्याखालच्या जमिनीच्या कुठल्या तुकड्यात, कुठलं पीक, ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं. एलिनॉर ऑस्ट्रॉम या अमेरिकी अभ्यासक बाईंना २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते साधारण याच कामासाठी. जगभरची सामायिक कुरणं, कालवे, मासेमारीच्या जागा अभ्यासून त्यांनी दाखवलं की सामायिक वस्तूची वाट लागतेच असं नाही. वापरणाऱ्यांनीच नियम केले, हद्द स्पष्ट असली, कुणीतरी नजर ठेवली आणि चुकणाऱ्याला पहिल्याच वेळी सुळावर न चढवता पायरीपायरीने समज दिली, तर ती टिकते. आपल्या पाटकऱ्याला हे नोबेलच्या आधीपासून माहीत होतं.

शहरातलं उदाहरण हवं तर ठाणे जिल्ह्यातच आहे. भिवंडीत १९७० आणि १९८४ साली भीषण दंगली झाल्या. १९८८ मध्ये तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. हिंदू आणि मुसलमान, दोन्ही समाजांतली साधी माणसं आणि त्या भागाचे पोलीस नियमित एकत्र बसायचे आणि किरकोळ कुरबुरी तिथेच मिटवायचे. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. यातली मला महत्त्वाची वाटते ती वेळ. समित्या दंगल पेटल्यावर बसल्या नव्हत्या. काहीच घडत नव्हतं तेव्हा त्या बसत होत्या, म्हणून घडायची वेळ आली तेव्हा माणसं एकमेकांना नावाने ओळखत होती. आपण मात्र गटारासाठी जूनमध्ये जमतो आणि ऑगस्टमध्ये विसरतो.

बोलवायचं कुणाला

इथे मी जरा हट्टी आहे. पहिल्या बैठकीला पंधरा माणसं असतील तर निम्मी तरी अशी हवीत ज्यांना आजवर कुणी बैठकीला बोलावलेलं नाही. फेरीवाले हमखास वगळले जातात, कारण रहिवाशांच्या यादीत ते "समस्या" या सदरात असतात. वास्तविक २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानेच शहराच्या पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे ठेवले आहेत. म्हणजे कायद्याने त्यांना टेबलावर बसवलंय आणि आपण अजून त्यांना फाटकाबाहेर उभं करतो. सकाळी सहा ते रात्री दहा रस्त्यावर असणाऱ्या माणसाइतका चांगला पहारेकरी तुम्हाला पगार देऊनही मिळणार नाही.

वेळही महत्त्वाची. रविवारी अकरा वाजता बैठक ठेवली की निवृत्त काका येतात आणि फक्त निवृत्त काकाच येतात. त्या वेळी बायका स्वयंपाकात असतात, विक्रेत्यांचा धंदा चालू असतो आणि तरुण झोपलेले असतात. आमची बैठक महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी रात्री साडेआठला, मंदिराच्या कट्ट्यावर, पाऊण तास. पाऊण तास म्हणजे पाऊण तास. घड्याळ मावशींकडे असतं आणि त्यांना कुणी उलट बोलत नाही.

व्हॉट्सॲप ग्रुप हवाच, पण तो निरोपापुरता. ग्रुपवर निर्णय घ्यायला गेलात की सुप्रभातच्या फुलांखाली ठराव सापडत नाही.

नोंदणी करायची का?

पहिलं वर्षभर तरी करू नका. नोंदणीच्या नावाने अध्यक्ष कोण, खजिनदार कोण हा प्रश्न येतो आणि गटाराच्या आधी खुर्ची तुंबते.

पैशांचा व्यवहार सुरू होणार असेल तेव्हा मात्र टाळू नका. नेहमीचा मार्ग असा: किमान सात जणांनी १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली संस्था नोंदवायची आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही तिची नोंद करायची. दोन्ही कामं धर्मादाय कार्यालयात होतात. त्यानंतर दरवर्षी हिशेब तपासून घ्यायचा आणि पदाधिकारी बदलले की बदल अर्ज द्यायचा. हा बदल अर्ज द्यायला विसरणं हा आपल्याकडच्या संस्थांचा राष्ट्रीय खेळ आहे. दहा वर्षांनी बँकेत सही करायला जिवंत विश्वस्त सापडत नाही. नोंदणी न करता कार्यक्रमासाठी लोकांकडून वर्गणी गोळा करणार असाल तरी धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. गणेश मंडळात काम केलेल्या कुणालाही विचारा, तो अर्ज त्यांना तोंडपाठ असतो.

कायद्यात आपली जागा कुठे आहे

१ जून १९९३ पासून लागू झालेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या असाव्यात असं सांगितलं. प्रभाग समिती म्हणजे काही प्रभागांचे नगरसेवक आणि तिथला पालिका अधिकारी यांची समिती. नवी मुंबईत बेलापूरपासून दिघ्यापर्यंत अशी आठ विभाग कार्यालयं आहेत. महाराष्ट्राच्या महापालिका कायद्यात यासाठी कलम २९-अ आहे आणि त्यातली एक तरतूद फार थोड्यांना ठाऊक आहे. प्रत्येक प्रभाग समितीवर त्या भागात काम करणाऱ्या मान्यताप्राप्त सामाजिक संस्थांतले तीनपर्यंत सदस्य नगरसेवकांना नेमता येतात. ते त्या भागाचे मतदार असावे लागतात. एरवी या जागा कुणाच्या तरी कार्यकर्त्याकडे जातात, कारण दुसरं कुणी मागत नाही. पहिल्या वर्षानंतर नोंदणी करायचं एक चांगलं कारण हेही आहे.

दुसरी तरतूद क्षेत्र सभेची. लगतच्या काही मतदान केंद्रांच्या सगळ्या मतदारांची सभा, गावातल्या ग्रामसभेची शहरी बहीण म्हणा. राज्याने २००९ मध्ये कायद्यात ही सोय केली. तुम्हाला क्षेत्र सभेचं बोलावणं कधी आलंय? मला तरी नाही. निवडून आलेल्या चौघांनाही हा प्रश्न एकदा एकत्र विचारायला हरकत नाही.

आता पैशांचं. पालिकेचं कुठलंही बांधकामाचं काम काही ठरावीक दारांतून जातं: खर्चाचा अंदाज म्हणजे प्राकलन, मग मान्यता, मग निविदा, शेवटी कार्यादेश म्हणजे ठेकेदाराला काम सुरू करायचा आदेश. "काम मंजूर झालंय" हे वाक्य यातल्या कुठल्याही दारात उभं राहून म्हणता येतं, म्हणून ते ऐकल्यावर टाळ्या वाजवू नका. कार्यादेश निघाला का आणि दोष दायित्वाचा काळ किती, एवढं विचारा. दोष दायित्व म्हणजे काम बिघडलं तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायची मुदत. नव्या पदपथाची फरशी वर्षात उखडली तर नवी निविदा काढायची गरज नसते, हे माहीत असलेला एक जण गटात असला तरी पुरे. आणि आयुक्त अंदाजपत्रक साधारण फेब्रुवारीत मांडतात, तेव्हा आपली मागणी दिवाळीच्या आसपास पोचलेली बरी. मार्चमधली मागणी पुढच्या वर्षात जाते. पुणे महापालिकेने तर २००६ पासून नागरिकांकडून अर्ज मागवून त्यांनी सुचवलेली छोटी कामं अंदाजपत्रकात घ्यायला सुरुवात केली. तसं इथेही मागता येईल.

"आम्ही कर भरतो, मग आम्हीच का झिजायचं?"

हा आक्षेप शंभर टक्के रास्त आहे. रस्ते, गटारं, दिवे, कचरा ही पालिकेची कायद्याने ठरलेली बंधनकारक कामं आहेत. भागीदारीच्या नावाखाली रहिवाशांनी फावडं घेऊन गाळ काढावा असं कुणी म्हणालं तर मी त्या बैठकीतून उठून जाईन. गटारात उतरणं धोक्याचं आहे आणि ते काम हौसेचं नाही.

पण पालिकेचं काम आणि आपलं काम यांच्यामध्ये एक पट्टा असतो जो कुणाच्याच यादीत नसतो. घरात ओला-सुका कचरा वेगळा करण्याचं बंधन नियमांनीच आपल्यावर घातलं आहे. ते न करता गाडीवाल्याला शिव्या घालणं सोपं. टाइल्स फोडल्यावर राडारोडा कुठे जातोय हे ठेकेदाराला विचारायचं काम पालिका करू शकत नाही, ते घरमालकालाच करावं लागतं. "गाव करी ते राव न करी" म्हणतात ते या पट्ट्याबद्दल. रावाने त्याचं काम करायचंच आहे. गावाच्या वाट्याचं मात्र कितीही कर भरला तरी रावाला जमत नाही.

"यात राजकारण शिरेल"

शिरेल. चार नगरसेवक, त्यातले दोन एका पक्षाचे, दोन दुसऱ्या, शिवाय पडलेले उमेदवार. शिरणार नाही कसं? राजकारण्यांना बाहेर ठेवण्याचा प्रयत्न मी पाहिलाय. त्यात गट आपोआप त्यांच्याविरुद्धचा पक्ष बनतो. आम्ही उलटं केलं. नगरसेवक नव्हते तेव्हापासूनच सगळ्या पक्षांच्या पुढाऱ्यांना एकच पत्र, एकाच दिवशी, एकाच मजकुराचं. बैठकीला जो येईल त्याला खुर्ची सगळ्यांसारखीच, प्लास्टिकची. काम झालं की आभाराचा फलक कुणाचाच नाही. यावर पहिल्या वर्षी रुसवेफुगवे झाले आणि एकदा रात्रीतून फलक लागलाही. सकाळी मावशींनी त्याच्यावर उन्हासाठी ताडपत्री बांधली. कुणी काही बोललं नाही.

राजकारणापेक्षा मला भीती दुसऱ्या गोष्टीची वाटते. अशा गटांवर हळूहळू मोठ्या सोसायट्यांचा कब्जा होतो. त्यांच्याकडे वेळ असतो, इंग्रजी असतं, प्रिंटर असतो. मग "वस्तीचं जीवनमान" या गोड नावाखाली पहिला ठराव होतो तो फेरीवाले हटवण्याचा, दुसरा बागेला कुलूप लावण्याचा, तिसरा गावठाणातल्या मुलांनी सोसायटीच्या मैदानात येऊ नये याचा. ज्या जमिनीवर आपण राहतो तिचे मूळ मालक त्याच गावठाणात आहेत हे विसरायला एक पिढी पुरते. आमचा नियम असा आहे की ज्याच्याबद्दल ठराव, तो समोर बसलेला असल्याशिवाय विषय घ्यायचा नाही. याने बैठका लांबतात. लांबू देत.

"कोणी येतच नाही हो"

हे मात्र खरं आहे, आणि याला जादू नाही. सेक्टरमध्ये हजारो माणसं, बैठकीला चौदा. मी चौदांवर खूश आहे, कारण चौदा जण दर महिन्याला येतात. पहिल्या सभेला शंभर आणि तिसऱ्या सभेला तीन, असे गट मी जास्त पाहिलेत. लोक भाषणाला येत नाहीत. काम झालेलं दिसलं तर येतात. म्हणून पहिलं काम असं निवडा जे दोन महिन्यांत संपेल आणि येता-जाता दिसेल. बंद पडलेला दिवा, बस थांब्यावरचं तुटलेलं बाकडं, शाळेसमोरचे पुसलेले झेब्रा पट्टे.

आणि काहीही झालं तरी पार्किंगपासून सुरुवात करू नका. रो हाऊसच्या गल्ल्यांत एका घराला एक गाडी धरली तरी रस्ता संपतो, आणि प्रत्येकाला स्वतःची गाडी सोडून सगळ्यांच्या गाड्या जास्त वाटतात. शेजारच्या सेक्टरमधला एक चांगला गट पहिल्याच बैठकीत पार्किंगवर बोलला आणि दुसरी बैठक झाली नाही. भटक्या कुत्र्यांचा विषयही तसाच. आम्हाला त्याला हात घालायला दीड वर्ष लागलं. खाणं कुठे आणि किती वाजता द्यायचं एवढंच ठरलं आणि तेवढ्यावर दोन काकू अजून एकमेकींशी बोलत नाहीत.

लिफ्टमधल्या काकूंना मी हे सगळं सांगितलं नाही, चार मजल्यांत ते बसत नाही. "दुसऱ्या शनिवारी साडेआठला कट्ट्यावर या" एवढंच म्हणालो. त्या आल्या. येताना डायरी घेऊन आल्या, त्यात चारही नगरसेवकांचे नंबर लिहिलेले. सफाई कामगार दादांनी त्यांना विचारलं, "ताई, तुमच्या बिल्डिंगच्या मागं चेंबरचं झाकण हलतंय, ते कुणाचं?" काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मी नकाशाकडे. तिथे प्रश्नचिन्ह होतं.